साठ वर्षांचे पुस्तक तुटते आणि दोनशे वर्षांचा मोडी कागद टिकतो, ते का?

विचारणा अशी आहे. आजोबांनी १९५५ ते १९६५ च्या सुमारास घेतलेली पुस्तके घरात आहेत. त्यांची पाने तांबूस झाली आहेत आणि उलटताना कोपरे हातात येतात. त्याच कपाटात पेशवाईच्या अखेरीचे वतनाचे मोडी कागद रुमालात बांधलेले आहेत, ते मात्र अजून मऊ आहेत, घडी घातली तरी मोडत नाहीत. जुने ते टिकाऊ आणि नवे ते कमअस्सल, असेच समजायचे का? आणि या पुस्तकांचे आता काय करायचे?

तसे समजू नका. कागद केवळ वयाने मरत नाही. लगदा कशाचा होता आणि त्याचा कागद होताना त्यात चुना गेला की फटकडी, यावर त्याचे आयुष्य बरेचसे ठरून जाते. मी आधी कागद गिरणीच्या लगदा विभागात होतो, नंतर हातकागदाकडे वळलो, आणि आता जुने दस्तऐवज दुरुस्त करणाऱ्यांना लागतो तसा कागद बनवतो. त्यामुळे तुमच्या कपाटातल्या दोन्ही प्रकारच्या कागदांशी माझा रोजचा संबंध आहे. थोडे मुळापासून सांगतो, म्हणजे शेवटी काय करायचे ते आपोआप पटेल.

वनस्पतीचे तंतू पाण्यात सुटे करायचे, चाळणीवर गाळायचे, दाबायचे आणि वाळवायचे, की झाला कागद. तंतूंना धरून ठेवायला गोंद लागत नाही. तंतू सेल्युलोजचे असतात. पाणी निघून जाताना ते एकमेकांच्या इतके जवळ ओढले जातात की त्यांच्यात हायड्रोजन बंध तयार होतात. एकेक बंध अगदी कमजोर, पण असंख्य बंध मिळून कागद घट्ट राहतो. पुन्हा पाणी घातले की हेच बंध सुटतात, म्हणून रद्दीचा परत लगदा करता येतो. खिशात राहून गेलेली नोट धुण्यातून सहीसलामत निघते आणि बसचे तिकीट मात्र भुगा होऊन येते, ते वेगळ्या कारणाने. आपल्या नोटेचा कागद निव्वळ कापसाचा असतो, तंतू लांब आणि चिवट असतात आणि ओला झाला तरी फाटू नये यासाठी त्यावर वेगळा संस्कार केलेला असतो. नाशिकच्या छापखान्यात लागणारा हा कागद नर्मदापुरमच्या, म्हणजे पूर्वीच्या होशंगाबादच्या, कागद कारखान्यात १९६८ पासून तयार होतो आहे.

तंतू नुसते पाण्यात कालवले तरी चांगला कागद होत नाही. त्यांना कुटावे लागते, आणि कागदाचे सारे कसब माझ्या मते इथेच आहे. हातकागदाच्या कारखान्यात बीटर असतो. लांबट गोल हौद, त्यात पात्या लावलेला जड रोलर आणि त्याच्या खाली पात्यांचीच बैठक. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये निघालेले हे यंत्र आजही जवळपास त्याच रूपात चालते. बनियनच्या कारखान्यांतून आलेली पांढरी सुती कातरण, म्हणजे धंद्याच्या भाषेत चिंधी, बारीक कापून त्यात टाकतात. सुरुवातीला हौदात नुसते धाग्यांचे पुंजके फिरत असतात. त्या वेळी कागद उचलून पाहिलात तर तो टीपकागदासारखा भुसभुशीत होतो, पाणी झटकन गळून जाते. बीटर तासन् तास चालला की तंतूंच्या अंगावरची लव सुटते, ते पाणी धरू लागतात आणि चिमटीत घेतलेला लगदा बुळबुळीत लागतो. आता कागद उचलला तर तो वाळल्यावर खडखडतो, ओढून फाडावा लागतो. याहून पुढे कुटत गेलात तर तो ट्रेसिंग पेपरसारखा अर्धपारदर्शक होतो आणि वाळताना आकसतो. कुठे थांबायचे हे मीटरवरही कळते. पण आमच्याकडचे जुने कारागीर चिमूटभर लगदा काचेच्या बरणीत पाण्यात हलवून उजेडाकडे धरतात. ढगासारखा सारखा पसरला तर ठीक, गाठी दिसल्या तर अजून चालू द्यायचे. ही चाचणी मी आजही यंत्राच्या आकड्याच्या आधी करतो.

तुमच्या मोडी कागदांपर्यंत आता येऊ. पेशवाईत जुन्नरी आणि दौलताबादी कागद नावाजलेले होते. दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या मध्ये कागजीपुरा नावाचे गाव आजही आहे, आणि पुण्याच्या कसबा पेठेतला कागदीपुरा मुठेच्या काठालगत आहे तो उगाच नव्हे. या धंद्याला वाहते पाणी लागते. कच्चा माल शेतातून नव्हे तर टाकाऊतून यायचा. तागाचे जुने दोर, गोणपाट, जाळी, चिंध्या. इथे ताग म्हणजे शेतकरी हिरवळीच्या खतासाठी पेरतात तो, ज्याला सणही म्हणतात. त्याच्या सालीचा तंतू लांब असतो आणि तो पिवळा पाडणारे द्रव्य त्यात कमी असते. शिवाय वापरून वापरून, उन्हापावसात राहून दोर आधीच मऊ पडलेले असत.

हे तुकडे चुन्याच्या पाण्यात भिजत घालायचे, ढेकीखाली कुटायचे, नदीवर कापडात धरून धुवायचे, परत चुना, परत कुटाई, परत धुणे. असे अनेक वेळा. मग जमिनीत बांधलेल्या हौदाशी उकिडवे बसून साच्याने कागद उचलायचा. साच्यावर गवताच्या बारीक काड्यांची, घोड्याच्या केसांनी विणलेली चटई असे. तुमचा एखादा कागद खिडकीच्या उजेडाकडे धरून पाहा. अगदी जवळजवळ आखल्यासारख्या फिक्या समांतर रेघा दिसल्या तर त्या याच काड्यांच्या. कागद दाबून पाणी काढले की चुना दिलेल्या गुळगुळीत भिंतीवर कुंच्याने चिकटवून वाळवत. नंतर खळ लावत, म्हणजे शाई फुटत नाही, आणि शेवटी गुळगुळीत दगडाने घोटत. घोटीव कागदावर बोरू अडत नाही तो त्यामुळे.

चुना किती ठिकाणी आला पाहा. भिजवताना आला, धुऊनही थोडा तंतूंत राहिला, वाळवताना भिंतीवरही होता. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचा खडू होतो, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि तो कागदात बारीक कणांनी बसून राहतो. पुढे कधी कागदात आम्ल तयार झाले, हवेतून आले, तर हा खडू ते शोषून घेतो. कागद टिकावा म्हणून कोणी ठरवून तो घातला नव्हता, तंतू मोकळे करायला चुना लागत होता इतकेच. पण आज टिकाऊ कागदाची जी आंतरराष्ट्रीय प्रमाणे आहेत, त्यांत नेमकी हीच अट असते. कागदात किमान २ टक्के कॅल्शियम कार्बोनेटच्या बरोबरीचा अल्कधर्मी, म्हणजे आम्ल मारणारा, साठा हवा आणि पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा, साडेसातच्या वर हवा.

वर लिहिण्याची शाई काजळाची. काजळ म्हणजे शुद्ध कार्बन, तो कागदाशी कसलीही रासायनिक भांडणे करत नाही. कागद आणि शाई दोन्ही अशी मिळाल्यावर दोनशे वर्षे ही फार मोठी गोष्ट नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल आहेत, त्यांतले कितीतरी कागद आजही अभ्यासक हाताने उलटून वाचतात.

एक सावधगिरी मात्र बाळगा. जे कागद खराब होते ते केव्हाच गेले, आपल्यासमोर आहेत ते वाचलेले आहेत. खळीमुळे या कागदांना कसर आणि वाळवी फार लवकर लागते, पाणी लागले तर बुरशी धरते. चित्रे असलेल्या पोथ्यांत तांब्यापासून केलेला हिरवा रंग कागद जाळतो, नेमकी हिरव्या पट्टीवरच चीर पडते. आणि इंग्रजी अमलातल्या काही दस्तांवर लोखंडाच्या शाईने लिहिलेली अक्षरे कागद खाऊन आरपार गेलेली दिसतात.

आता तुमची छापील पुस्तके. त्यांचा रोग समजायला तीन शोध लक्षात ठेवावे लागतील. १७९८ च्या सुमारास फ्रान्समध्ये लुई-निकोला रोबेर याने न थांबता लांबच लांब कागद काढणारे यंत्र बनवले. यंत्राचा वेग वाढला तसा शाई फुटू नये म्हणून प्रत्येक ताव जिलेटिनमध्ये बुडवून वाळवायला वेळ कुठला? १८०७ मध्ये जर्मनीत मोरित्झ इलिगने त्यावर तोड काढली. राळ आणि फटकडी थेट लगद्यातच घालायची, म्हणजे शाई न फुटणारा कागद यंत्रावरूनच बाहेर पडतो. आणि १८४४ मध्ये सॅक्सनीतल्या केलरने लाकूड दगडावर घासून त्याचा लगदा करण्याची युक्ती शोधली, त्यामुळे चिंध्यांचा तुटवडा संपला. कागद स्वस्त झाला, शाळेतल्या पोराच्या हातात पुस्तक आले. या शोधांना मी नावे ठेवणार नाही. त्यांच्याशिवाय मराठीतली वर्तमानपत्रे, मासिके, दिवाळी अंक उभेच राहिले नसते.

पण त्याची किंमत कागदाने मोजली. लाकडात सेल्युलोज साधारण ४० ते ५० टक्के असते आणि लाकूड घट्ट धरून ठेवणारे लिग्निन पाव हिश्श्याच्या आसपास. नुसते घासून केलेल्या लगद्यात हे सगळे लिग्निन तसेच राहते. दुसरीकडे गिरणीतली फटकडी, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम सल्फेट, दमट हवेत आम्ल तयार करते. ते आम्ल सेल्युलोजच्या लांब साखळ्या मध्येच तोडते, आणि तुटताना निघणारी द्रव्ये पुन्हा आम्लच वाढवतात. म्हणून असा कागद सुरुवातीला वर्षानुवर्षे ठीक दिसतो आणि मग झपाट्याने ढासळतो.

इथे एक गोष्ट ठासून सांगायची आहे, कारण जवळजवळ सगळेच तिथे गल्लत करतात. पिवळे पडणे आणि ठिसूळ होणे हे दोन वेगळे रोग आहेत. पिवळेपणा प्रामुख्याने लिग्निनचा आणि उजेडाचा. आजचे वर्तमानपत्र अर्धे झाकून दोन दिवस उन्हात ठेवा, उघडा भाग पिवळा झालेला दिसेल, पण तो अजून तुटत नाही. ठिसूळपणा आम्लाचा. रासायनिक लगद्याचा, लिग्निन काढून टाकलेला पांढराशुभ्र कागदही फटकडीमुळे आतून मोडतो आणि दिसायला बरा असल्याने कोणाला कळत नाही. तुमच्या पुस्तकांना दोन्ही रोग एकदम झाले आहेत.

ती पुस्तके नेमकी वाईट काळातलीही आहेत. महायुद्धात कागदावर सरकारी नियंत्रण होते, त्यानंतरही टंचाई बरीच वर्षे चालली. प्रकाशक मिळेल त्या कागदावर छापत. आपल्याकडच्या गिरण्यांना परदेशासारखे मऊ लाकूड मुबलक नव्हते. चंद्रपूर जिल्ह्यातली बल्लारपूरची गिरणी बांबूवर उभी राहिली, बांबूचा लगदा रसायनात शिजवून करतात आणि त्याचा तंतू चांगला असतो. बुऱ्हाणपूरजवळच्या नेपानगरला १९५० च्या दशकात देशातला पहिला वृत्तपत्र कागदाचा कारखाना निघाला, तिथे सालई आणि बांबू वापरत. वर्तमानपत्राचा कागद एक दिवस वाचून टाकायचा म्हणूनच केलेला असतो. स्वस्त कादंबऱ्या आणि अंक अशाच कागदावर निघाले, ते साठ वर्षे तगले हेच पुष्कळ.

तुमच्या पुस्तकांपैकी कोणते किती आजारी आहे ते घरीच पाहता येते. नको असलेल्या, कोऱ्या पानाचा कोपरा पुढे दुमडा, मग त्याच घडीवर मागे दुमडा. एक-दोन वेळात तुटला तर ते पुस्तक आता वाचायला हातोहात द्यायचे नाही. आणखी एक पाहा. पानाचा लहानसा कपचा हलकेच ओढून फाडा आणि कडा भिंगाखाली धरा. कडेला लांब लव दिसली तर तंतू शाबूत आहेत, बिस्किटासारखी साफ कड आली तर साखळ्या तुटल्या. मोडी कागदावर मात्र यातले काहीही करू नका.

आता उपाय. जे आधी करायचे नाही ते सांगतो, कारण नुकसान बहुधा प्रेमापोटीच होते. चिकटपट्टी लावू नका. काही वर्षांनी तिचे प्लॅस्टिक गळून पडते आणि चिकटा तेलकट पिवळा डाग होऊन कागदात उतरतो, तो काढणे हे दुरुस्ती करणाऱ्याचे सर्वांत कटकटीचे काम आहे. लॅमिनेशन तर अजिबात नको. आम्ल आतच कोंडले जाते आणि पुन्हा सोडवता येत नाही. वतनाची कागदपत्रे लॅमिनेट करून आणणारी माणसे मला भेटतात तेव्हा फार वाईट वाटते, कारण त्यातल्या बहुतेक कागदांना काहीही झालेले नसते. पावसाळ्यानंतर पुस्तके उन्हात घालायची पद्धत आहे, तीही सोडा. सावलीत, वाऱ्याला उघडी ठेवा. कडुनिंबाचा पाला पानांत घालू नका, त्याचा डाग पडतो. पाला किंवा वेखंड ठेवायचे तर पातळ फडक्याची पुरचुंडी करून कपाटाच्या कोपऱ्यात.

करायचे ते साधे आहे. कपाट बाहेरच्या भिंतीपासून हातभर आत घ्या, माळ्यावर आणि पत्र्याखाली काही ठेवू नका. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात हवेची आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८० टक्क्यांच्या वर असते, आणि ६५-७० च्या पुढे बुरशी धरू लागते. एक साधा आर्द्रतामापक कपाटात ठेवा, ५० च्या आसपास आकडा राखता आला तर उत्तम. मोडी कागद रुमालातच ठेवा, पण रुमाल सुती, जुना, धुतलेला आणि खळ न केलेला हवा. नवा रंगीत रुमाल रंग सोडतो. कागदाच्या घड्या नेहमी एकाच जागी पडत असतील तर ते उलगडून सपाट ठेवता आले तर ठेवा, घडीवरच पहिली चीर जाते.

पुस्तकांचे आम्ल उतरवता येते. जाणकार संवर्धक पाने कॅल्शियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणातून काढतात, म्हणजे आपली चुन्याची निवळीच. जुन्नरच्या कागद्यांनी जे आरंभी केले ते हे शेवटी करतात. पण शाई फुटते का, शिक्का उतरतो का हे आधी तपासावे लागते आणि शिवण उसवावी लागते, तेव्हा घरी प्रयोग नको. आणि निवळीने आम्ल थांबते, गेलेले बळ परत येत नाही. त्यासाठी मग जपानी पातळ कागद गव्हाच्या खळीने मागे लावतात. कोझो नावाच्या झुडपाच्या सालीचा हा कागद इतका विरळ असतो की त्यातून अक्षरे वाचता येतात, आणि पाणी लावले की परत सुटतो. परत सुटणे हीच चांगल्या दुरुस्तीची खूण.

खर्चाचे बोलायचे तर मी स्पष्ट सांगेन. आजोबांची कादंबरी नव्या आवृत्तीत मिळत असेल तर दुरुस्तीवर पैसे घालू नका. नवी प्रत वाचायला घ्या, जुनी आठवण म्हणून पेटीत ठेवा. पण एखाद्या पुस्तकाच्या समासात आजोबांनी पेन्सिलीने काही लिहिले असेल, कोणाची सही असेल, किंवा ते पुन्हा छापलेच गेले नसेल, तर तेच आधी संवर्धकाकडे न्या. न्यायच्या आधी फोटो काढून ठेवा, स्कॅनरवर उलटे दाबू नका.

राहिला नव्या कागदाचा भाग, तो आनंदाने सांगतो. गेल्या काही दशकांत बहुतेक मोठ्या गिरण्यांनी राळ-फटकडी सोडून दिली आणि लगद्यात खडू घालायला सुरुवात केली. खडू स्वस्त, पांढरा आणि लगद्याचा खर्च वाचवणारा. पण तो आम्लात टिकत नाही, म्हणून खळीची सगळी रीतच अल्कधर्मी करावी लागली. कागदाला चुना परत मिळाला, आणि दुकानात मिळणारा साधा झेरॉक्सचा चांगला कागद आजोबांच्या पुस्तकाच्या कागदापेक्षा कितीतरी जास्त जगेल. एक ताव जाळून पाहा, मागे बरीच पांढुरकी राख उरते. कापसाच्या हातकागदाची राख नखावर मावेल इतकी.

कुळाचा इतिहास किंवा मोडीचे लिप्यंतर छापून ठेवायचे असेल तर आम्लरहित आणि अल्कधर्मी कागद मागा. नुसते हातकागद म्हणून भुलू नका, हातकागदातही कातरणीत मिसळलेले कृत्रिम धागे आणि फटकडी असू शकते. पुण्यात शिवाजीनगरला के. बी. जोशी यांनी १९४० मध्ये सुरू केलेली हँडमेड पेपर इन्स्टिट्यूट आहे. वर्ध्याच्या ग्रामोद्योग चळवळीतून हातकागदाला जे नवे दिवस आले, त्यातलेच हे काम. तिथे कागद उचलताना प्रत्यक्ष पाहता आला तर जरूर पाहा.

वजन तपासणे सोपे आहे. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन, ए-४ हा त्याचा सोळावा भाग, म्हणून ८० जीएसएमच्या ५०० तावांचे रीम सुमारे अडीच किलो भरले पाहिजे. आणि बांधणीला देण्यापूर्वी कागदाची धार, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, बघा. यंत्रावर तंतू जास्त करून एकाच दिशेने पडतात, हातकागदात साचा दोन्ही बाजूंना हलवल्याने ते सर्वत्र पसरतात. यंत्रकागदाचा तुकडा एका बाजूने ओला केला की तो वळून नळी होतो, त्या नळीची लांबी ही तंतूंची दिशा. ही दिशा पुस्तकाच्या पाठीला समांतर ठेवायला बाइंडरला सांगा. आडवी ठेवली तर पावसाळ्यात पाने पाठीकडे लाटा धरतात आणि पुस्तक नीट मिटत नाही.